संशोधन एक, मथळा भलताच: मानसशास्त्राच्या बातम्या नेमक्या कुठे बिघडतात?

शाळा सुरू झाल्या की पालकमेळावे आले, आणि मेळाव्यात बाहेरचा वक्ता आला की मार्शमॅलोची गोष्ट आलीच. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एक गोड गोळा ठेवायचा, ‘मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर आणखी एक मिळेल’ असे सांगून खोलीबाहेर जायचे. ज्यांनी कळ काढली ती मुले पुढे यशस्वी झाली, ज्यांनी लगेच तोंडात टाकला ती मागे पडली. बेळगावात असो, खानापुरात असो की निपाणीत, सभागृहातले पालक हे ऐकतात आणि शेजारी बसलेल्या आपल्या पोराकडे बघतात. पोराचा निकाल तिथल्या तिथे लागलेला असतो.

गोष्ट खोटी नाही. पण जशी सांगितली जाते तशी ती कधीच नव्हती.

वॉल्टर मिशेल यांनी हे प्रयोग साठच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केले. मुले बहुतेक विद्यापीठाशी संबंधित घरांतली. मूल धीर कसे धरते, मन दुसरीकडे वळवायला कोणत्या युक्त्या करते, हे त्यांना पाहायचे होते. कोण मोठेपणी काय होणार, हे सांगणे हा मूळ हेतूच नव्हता. पुढे ही मुले मोठी झाल्यावर त्यांची माहिती मागवली गेली आणि १९९०च्या शोधनिबंधात बालवाडीतला धीर व कॉलेज प्रवेश परीक्षेतले गुण यांचा संबंध मांडला गेला. त्यातला सर्वात गाजलेला आकडा जेमतेम ३५ मुलांच्या गुणांवर उभा आहे. निष्कर्ष जपून घ्यावा, असे लेखकांनी स्वतःच सुचवले होते. ती सूचना मात्र व्यासपीठापर्यंत पोचली नाही.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांच्या माहितीवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. यात ५५० हून अधिक मुलांच्या आयांनी कॉलेजची पदवी घेतलेली नव्हती, म्हणजे प्राध्यापकांची बालवाडी सोडून जरा सर्वसाधारण घरे आली. संबंध सापडला, पण पूर्वीच्या जवळपास निम्मा. आणि घरची परिस्थिती, घरातले वातावरण, मुलाची आधीची बौद्धिक वाढ हे सगळे हिशेबात धरल्यावर त्या निम्म्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळाला. ज्याला आपण पोराचा ‘स्वभाव’ म्हणत होतो, त्यातले बरेचसे त्याच्या घराचे मोजमाप होते.

मग इंग्रजी माध्यमांत मथळे झळकले की मार्शमॅलो चाचणी फोल ठरली. तेही तितकेच चूक. निम्मा म्हणजे शून्य नव्हे. आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, अशी ही उडी असते. मधल्या जागेत बातमी राहत नाही, कारण ‘थोडासा संबंध आहे, कारण नक्की सांगता येत नाही’ याला मथळा कोण देणार?

याच चाचणीचा आणखी एक प्रयोग आहे, जो पालकमेळाव्यात क्वचितच ऐकू येतो. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २८ मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देतो असे सांगितले. निम्म्यांना ते आणून दिले, निम्म्यांना ‘चुकलं, शिल्लक नाही’ म्हणून परत पाठवले. त्यानंतर मार्शमॅलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवले होते ती ३ मिनिटे. बाबा रविवारी किल्ल्यावर नेतो म्हणतात आणि तीन रविवार नेत नाहीत, तर पोर चौथ्या वेळी भरवसा का ठेवेल? अर्थात, मुले फक्त २८. जो नियम ३५ ला लावला तो इथेही लावायलाच हवा, गोष्ट कितीही पटणारी असली तरी.

दोष कुणाचा, असे विचारले की बोट लगेच पत्रकारांकडे जाते. पूर्ण खरे नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पेट्रॉक समनर, ख्रिस चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘बीएमजे’त एक अभ्यास छापला. ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांनी २०११ या एका वर्षात आरोग्य आणि संबंधित विषयांवर काढलेली ४६२ प्रसिद्धीपत्रके त्यांनी घेतली आणि प्रत्येक पत्रक मूळ शोधनिबंधाशी व छापून आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिले. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला मूळ संशोधनापेक्षा वाढवून लिहिला होता. ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाला कारण बनवले होते. आणि ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांवर ओढून आणला होता.

पुढचा भाग जास्त बोलका. पत्रकात कारणाची अतिशयोक्ती असेल तर ८१ टक्के बातम्यांत ती होती. पत्रक नीट असेल तर १८ टक्क्यांतच. म्हणजे बरीचशी भेसळ वर्तमानपत्राच्या दारात पोचण्याआधीच झालेली होती, आणि ती करणारे कार्यालय विद्यापीठाचेच होते. फुगवलेल्या पत्रकाला जास्त प्रसिद्धी मिळते, असेही त्या अभ्यासात दिसले नाही. म्हणजे सगळा खटाटोप फुकट.

असा अभ्यास केला म्हणून वार्ताहर सुटत नाही. पत्रकातली चूक कारण असू शकते, पण ती जशीच्या तशी उचलणे हा निर्णय डेस्कवरचाच. दुपारी चारनंतर पान लावायची घाई, मूळ निबंध इंग्रजीत आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, संशोधकाचा फोन कुणाकडे नाही. अशा वेळी एजन्सीची इंग्रजी कॉपी मराठीत येते आणि इथे भाषेचे स्वतःचे सापळे सुरू होतात.

पहिला सापळा ‘मुळे’. मोबाईल जास्त वापरणाऱ्या मुलांत झोपेच्या तक्रारी जास्त आढळल्या, एवढेच संशोधन सांगते. मराठी मथळा होतो: ‘मोबाईलमुळे मुलांची झोप उडाली’. दोन अक्षरांत संबंधाचे कारण झाले. ज्याला मुळात झोप लागत नाही तोच पोरगा रात्री मोबाईल घेऊन बसतो, ही शक्यता त्या दोन अक्षरांनी बंद केली. आपल्या भाषेत ‘आणि त्याच वेळी’ असे म्हणायला जागा लागते, ‘मुळे’ चटकन बसतो.

दुसरा ‘लक्षणीय’. संख्याशास्त्रात एखादा फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी दिसली की इंग्रजीत जो शब्द वापरतात, त्याचे भाषांतर आपण ‘लक्षणीय’ असे करतो. वाचक त्याचा अर्थ ‘मोठा’ असा घेतो. फरक शंभरात अर्ध्या गुणाचा असला तरी तो त्या अर्थाने ‘लक्षणीय’ असू शकतो. आणि तिसरा शब्द ‘नैराश्य’. क्रिकेटचा सामना हरलो तरी नैराश्य, निकाल लागला नाही तरी नैराश्य, आणि ज्या आजाराला महिनोन्महिने औषध व समुपदेशन लागते तोही नैराश्य. वाचकाने कोणता समजायचा?

आकड्यांचे तर विचारूच नका. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यातला १०.६ टक्के हा आकडा भाषणांत आणि बातम्यांत अजून फिरतो. तो प्रौढांचा आहे, पाहणीच्या वेळी त्रास असलेल्यांचा आहे, आणि त्यात दारूच्या व्यसनासारखे विकारही मोजलेले आहेत. आयुष्यात कधीतरी त्रास झालेल्यांचा आकडा वेगळा, १३.७ टक्के. दोन्हींची सर्रास अदलाबदल होते. शिवाय सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्या बारांत कर्नाटक नाही, महाराष्ट्र नाही, गोवाही नाही. कोलार जिल्ह्यात फक्त आधीची पूर्वचाचणी झाली होती.

आता हाच आकडा कुणी बेळगाव जिल्ह्याला लावला तर काय होईल, बघा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार. गुणाकार केला की पाच लाख. ‘जिल्ह्यात पाच लाख मनोरुग्ण’ हा मथळा तयार. त्यात लहान मुले धरली गेली, दारू सोडू न शकणारा आणि परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला एकाच पोत्यात भरला गेला, आणि वर ‘मनोरुग्ण’ हा शब्द. हा मथळा वाचून कुठली आई आपल्या लेकीला धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवायला नेईल? उलट शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आणखी सहा महिने घरात ठेवेल. त्याच सर्वेक्षणातली खरी बातमी दुसरीच होती: आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत.

चोर्ला घाट उतरून पलीकडे गेले की चांगल्या संशोधनाचा नमुना सापडतो. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसह, १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जणांची लक्षणे आजाराच्या पातळीखाली आली होती. ज्यांच्यावर केंद्रातले डॉक्टर फक्त नेहमीचे उपचार करत होते, त्यांच्यात ३९ टक्के.

हे दोन्ही आकडे एकत्र छापले पाहिजेत. ६४ एकटा छापला तर चमत्कार वाटतो. ३९ शेजारी ठेवला की कळते, बरेच जण बैठकांशिवायही सावरले आणि बैठकांचा खरा हातभार शंभरात पंचवीस जणांपुरता. पंचवीस ही थोडी गोष्ट नव्हे. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळायची मारामार असलेल्या भागासाठी तर ही पहिल्या पानाची बातमी आहे. पण ‘गप्पा मारून नैराश्य पळाले’ असे लिहिले की कुणीतरी चालू गोळ्या बंद करतो.

निकालाच्या दिवसांत हा प्रश्न जिवावर येतो. दहावी किंवा पीयूसीच्या एखाद्या विद्यार्थ्याने जीव दिला की संध्याकाळपर्यंत ‘अभ्यासाच्या ताणामुळे’ असे छापून येते. पुन्हा तोच ‘मुळे’, आणि यावेळी कसलेही संशोधन नसताना. आत्महत्येचे एकच कारण सांगून ती सोपी करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेची पत्रकारांसाठीची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. त्यांच्याच आधारे भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये नियम काढले: बातमी ठळक जागी नको, पद्धतीचे वर्णन नको, भडक मथळा नको, फोटो नको. सीमाभागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर यातले चारही मोडलेले असतात, आणि कधी कधी ग्रुपवर टाकणारा वार्ताहरच असतो.

बातमीखाली मदतीचा क्रमांक द्यावा, असेही या सूत्रांत आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठी किंवा कन्नड, दोन्हींत बोलता येते.