शंभरपट म्हणजे किती?

आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत गेल्यामुळे कोणताही आकडा समोर आला की तो कशाच्या तुलनेत आहे, हे विचारण्याची मला सवय आहे. गेल्या हिवाळ्यात एका रुग्णालयात नेमकी हीच सवय मी विसरलो आणि माझी फजिती झाली.

थोरल्या बंधूंच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर तपासावयास येण्यापूर्वी पुतण्याने मला बाजूला घेतले. "काका, पपांचा श्वास रात्री घोरताना मध्येच थांबतो, हे विचारल्याशिवाय सांगू नका. ऑपरेशन पुढे ढकलतील आणि पुढच्या महिन्यात लग्नसराई आहे." झोपेत लावावयाचे मशीन वर्षापूर्वीच घ्यावयास सांगितले होते. ते घेतलेले नव्हते.

डॉक्टर आले. मी माझे ज्ञान पाजळले, "फेंटानिल हे मॉर्फिनच्या शंभरपट प्रभावी आहे, असे वाचले. तेच द्या, खर्चाची चिंता नाही."

ते हसले. "काका, तुम्ही बँकेतले. शंभराची एक नोट आणि रुपयाची शंभर नाणी, यांत जास्त पैसे कशात?"

मी निरुत्तर झालो. दहा मिलिग्रॅम मॉर्फिनने जितकी वेदना शमते, तितकीच सुमारे शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे एक दशांश मिलिग्रॅम, फेंटानिलने शमते. 'शंभरपट' याचा अर्थ एवढाच. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही.

मग फरक कशात? मुदतीत, असे त्यांच्या बोलण्यावरून ध्यानात आले. मॉर्फिन अफूपासून मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सेर्ट्युर्नर यांनी ते वेगळे काढले. शिरेतून दिले तरी त्याचा पूर्ण प्रभाव दिसावयास पंधरा-वीस मिनिटे लागतात, मग तो तीन-चार तास टिकतो. फेंटानिल बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास तयार झाले. त्याचा प्रभाव काही मिनिटांत चढतो आणि एका डोसाचा अर्ध्या-एक तासात ओसरतो. मात्र पुन्हापुन्हा दिल्यास ते शरीरातील चरबीत साठते आणि मग उतरावयास वेळ लावते. चालू खात्यासारखे वाटणारे खाते हळूहळू मुदत ठेव व्हावे, तसे.

रेमिफेंटानिल याहून निराळे. रक्तातील व पेशींतील विकरेच त्याचे विघटन करतात, त्यामुळे यकृत वा मूत्रपिंड यांची वाट पाहावी लागत नाही. पंपाने कितीही तास चालू ठेवले, तरी बंद केल्यावर काही मिनिटांत प्रभाव संपतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लगेच जागे करून तपासावयाचे असते, तेथे हा मोठा गुण. पण गुणाची किंमतही आहे: वेदनाशमनही तितक्याच झपाट्याने संपते. पुढची तजवीज आधी केली नाही, तर रुग्ण कळवळतच जागा होतो.

"पण बेशुद्ध माणसाला वेदनाशामक कशाला?" वहिनींनी विचारले. डॉक्टर म्हणाले, मन झोपले तरी शरीर झोपत नाही. चिरा पडताच नाडी धावते, रक्तदाब चढतो. हे आवरण्यासाठी ही औषधे, आणि त्यांच्यामुळे भुलीचे औषधही कमी लागते. वहिनींची दुसरी शंका सवय लागण्याची होती. शस्त्रक्रियागृहातील त्या मोजक्या डोसांनी व्यसन लागत नाही, असे त्यांनी सांगितले. खरी धास्ती श्वासाची. ही सर्वच औषधे श्वासाची गती मंदावतात. उतारा म्हणून नॅलोक्सोन जवळ असते, पण त्याचा प्रभावही लवकर सरतो.

श्वास हा शब्द ऐकला आणि माझ्याने राहवले नाही. पुतण्याकडे न पाहता मी सगळे सांगून टाकले.

डॉक्टर क्षणभर गंभीर झाले. बंधूंचे क्रिएटिनिन वाढलेले असल्याचे रिपोर्टवरून त्यांना ठाऊक होते. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारा एक प्रभावी घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड मंद असेल तर तो साठून राहतो. म्हणून मॉर्फिन त्यांनी आधीच वगळले होते. आता फेंटानिलही बेताचे द्यावयाचे, छिद्रांच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन, नंतर पॅरासिटामॉल आणि रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र, असे ठरले. देखरेखीची खाट दुसऱ्या दिवशी मिळणार होती, म्हणून शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली. पुतणे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. त्या रात्री सोबतीला मी आणि पुतणे होतो. दोनच्या सुमारास यंत्र वाजू लागले. आकडा ८४ वर आला होता. परिचारिका धावत आल्या, बंधूंना हाक मारून जागे केले, उशाकडची बाजू उंच केली, ऑक्सिजन वाढवला. आकडा ९५ वर येईपर्यंत पुतण्याने माझा हात सोडला नाही.

सकाळी चहा घेण्यापूर्वीच त्यांनी त्या मशीनची चौकशी करावयास फोन लावला.