पिवळा दिवा

परवा गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तो विझेचना. गाडी डिझेलची, बीएस-६, घेऊन तीन वर्षं झालेली. पहिले दोन दिवस मी तेच केलं जे सगळे करतात, तिकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने मशीन लावून बघितलं. "साहेब, धुराचा फिल्टर चोकअप झालाय. काढूनच टाकू ना! सॉफ्टवेअर मारून देतो, दिवा आयुष्यात परत लागणार नाही."

खोटं कशाला बोलू, मोह झाला.

घरी येऊन मॅन्युअल काढलं (तीन वर्षांत पहिल्यांदाच!). हा फिल्टर म्हणजे डीपीएफ. धुरातली काजळी त्यात अडकते आणि साधारण ६०० अंशांना जळून जाते. तेवढी उष्णता यायला गाडी सलग पळावी लागते. माझी पळते कोथरूड ते डेक्कन, सिग्नल मोजत! काजळी नुसती साठत गेली. म्हणजे बिघाड गाडीत नव्हता, माझ्या वापरात होता.

रविवारी सकाळी सहाला आईला घेऊन एक्स्प्रेसवेने निघालो. सलग ऐंशीच्या वेगाने. तळेगाव मागे पडलं आणि दिवा विझला. खर्च काय, तर डिझेल, टोल आणि लोणावळ्याचे दोन वडापाव.

बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून ती ४.५ वर आली, ती या फिल्टरच्या जोरावर. तो काढला की गाडी नवी, धूर जुना! कायद्यात बसत नाही हे तर आहेच. पण मी स्वतः कितीतरी वर्षं कर्वे रोडवर स्कूटर चालवली आहे. संध्याकाळी रुमाल काळा व्हायचा आणि पुढच्या गाडीवाल्याला मी मनातल्या मनात काय काय म्हणायचो! आता माझ्या मागे कुणीतरी तोंडाला स्कार्फ बांधून उभं असतं.

असो. दिवा लुकलुकायला लागला किंवा लाल झाला तर मात्र हायवेचे प्रयोग नकोत, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. आणि रोजचं जाणं-येणं चार किलोमीटरचंच असेल तर डिझेल घेऊच नका. मी पुढची पेट्रोलच घेणार. मॅन्युअलही आधी वाचणार... बहुतेक!