रीडिंग किती?

सोमवार, सकाळचे साडेनऊ. स्टँड-अप कॉल सुरू. मी बेडरूममध्ये, लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, अंगात वर फॉर्मल शर्ट आणि खाली बर्म्युडा. मॅनेजर डेडलाइनवर बोलतोय, मी मान डोलावतोय, आणि तेवढ्यात हॉलमधून खणखणीत आवाज, ‘‘अरे, साडेचारशे झाली! ये लवकर!’’

म्यूटचं बटण सापडेपर्यंत अख्ख्या टीमनं ऐकलं होतं. आमच्या नागपूरच्या मित्रानं चॅटवर विचारलं, ‘काय रे, काकांनी कुठला शेअर घेतला?’

शेअर नव्हता बॉस. बाबांच्या मांडीला बांधलेल्या बॅगेत साडेचारशे मिली लघवी जमली होती. बॅग पाचशेची. आता कळलं ना घाई कशाची होती?

तर मंडळी, गेले दोन महिने या कॉलमात मी जे कॅफे आणि वीकेण्डबद्दल लिहीत होतो, ते सगळं जुन्या स्टॉकमधलं होतं. खऱ्या आयुष्यात मी कुठेही गेलो नव्हतो. बाबांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि सातारचे आई-बाबा आमच्या बाणेरच्या टू-बीएचकेत राहायला आले.

बाबा 67 वर्षांचे. विद्युत मंडळात सबस्टेशन ऑपरेटर होते. रात्री चार-चार वेळा उठायचे. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. आणि बरं का, मी तो माणूस आहे ज्यानं ऑफिसात तीन वर्षं नोव्हेंबरमध्ये मिशा वाढवून सेल्फी टाकलेत. ती मोव्हेंबरची टूम 2003 साली मेलबर्नमध्ये निघाली, प्रोस्टेटबद्दल पुरुषांनी बोलावं म्हणून तिचा एवढा बोलबाला झाला, हे सगळं मला पाठ. घरातल्या एकुलत्या एक मिशीवाल्याला मात्र ‘रात्री किती वेळा उठता हो?’ असं मी एकदाही विचारलं नाही. आईनंच शेवटी कटकट करून पीएसए नावाची रक्ताची टेस्ट करायला लावली. साधारण चारच्या आत असावा असं मानतात, तो आकडा अकराच्या वर आला. मग एमआरआय, मग बायोप्सी. रिपोर्टवर लिहिलेलं, ग्लीसन 4+3. बाबा म्हणाले, ‘‘बेरीज सात येते हे मलाही कळतं. पुढचं सांगा.’’ पुढचं असं, की पेशी किती बिघडल्यात याचं ते मोजमाप. ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं 1960च्या दशकात ते बसवलं. सात म्हणजे मधला. त्यातही चार आधी आला तर तीन आधी येण्यापेक्षा जरा वाईट. नशिबानं कॅन्सर ग्रंथीच्या बाहेर पडलेला दिसत नव्हता.

ऑपरेशन रोबोटनं झालं. नातेवाइकांचा फोनवर पहिला प्रश्न हाच, ‘‘रोबोटनं? मग डॉक्टर काय करत होते?’’ डॉक्टर त्याच खोलीत, थोड्या अंतरावर कन्सोलवर बसून ते हात चालवतात. रोबोट स्वतःच्या मनानं काहीही करत नाही. बाबांना हे एका वाक्यात समजलं. ‘‘म्हणजे आमचा ब्रेकर. यार्डात जायचं नाही, कंट्रोल रूममधून मारायचा.’’

अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली बसलेली आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाणारी. ती काढली की नळी पुन्हा मूत्राशयाला जोडावी लागते. तो जोड भरेपर्यंत कॅथेटर. आमच्या केसमध्ये दहा दिवस. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि हातात बारीक इंग्रजीतला एक कागद. टाके, गोळ्या, पाच किलोच्या वर उचलायचं नाही, सहा आठवडे स्कूटर बंद, कुंथायचं नाही, रोज चालायचं. त्या कागदावर ‘चालायचं’ लिहिलं होतं. हातात बॅग घेऊन लिफ्टमध्ये शेजाऱ्यांसमोर कसं उभं राहायचं ते लिहिलं नव्हतं.

तो प्रश्न आईनं सोडवला. उरलेल्या सोफ्याच्या कापडातून तिनं बॅगेला खोळ शिवली. नाडीसकट. एक अट मात्र पाळावी लागायची, बॅग कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला. वर धरली की लघवी उलटी फिरते. बाबा पहिल्या दिवशी पॅसेजमध्ये बॅग छातीशी धरून चालत होते, एखाद्यानं बँकेतून रोकड काढून आणावी तसे. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडलो आणि त्यांनी निमूट हात खाली केला. मला ते अजिबात आवडलं नाही.

आणि ते इंजेक्शन. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक, पोटाच्या चरबीत. नर्सनं दाखवलं होतं, चिमटीत कातडी धरायची आणि सुई सरळ आत. बायको म्हणाली मी देते. बाबांनी मान हलवली, ‘‘तो देईल.’’ बाबांच्या पोटाला मी शेवटचा हात कधी लावला असेल? बहुतेक स्कूटरवर मागे बसून घट्ट धरायचो तेव्हा. ते पोट आता मऊ, ढिलं, मध्येच टाक्यांचे पाच-सहा बारके डाग. माझा हात थरथरत होता. बाबा छताकडे बघत म्हणाले, ‘‘लाइन बंद आहे, काम कर.’’ लाइनमनला परमिट देताना म्हणायचे तेच. दिलं मी इंजेक्शन. चौथ्या दिवसापासून हात थरथरायचा बंद झाला. बाबा रोज छताकडेच बघायचे, ते शेवटपर्यंत.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून जुनी डायरी मागून घेतली आणि पट्टीनं रकाने आखले. वेळ. पाणी किती प्यायलो. लघवी किती. रंग. शेरा. सबस्टेशनात तासातासाला फीडरचं रीडिंग लिहायचे ना, सेम तसंच. रंगाच्या रकान्यात मात्र साहित्यिक होते. ‘फिकट कोकम’, ‘पन्हे’, ‘स्वच्छ’. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुलाबीसर चालेल. घट्ट लाल, गाठी, ताप, पोटरीला सूज, किंवा लघवी येणंच बंद झालं, की तडक फोन.

सहाव्या रात्री अडीच वाजता ते दाराशी उभे. ‘‘दोन तास झिरो रीडिंग आहे.’’ त्यांचा चेहरा पांढरा पडलेला, पोट कळ मारतंय. मी हॉस्पिटलचा नंबर लावतोय, आई देवापुढे, बायको गाडीची किल्ली शोधतेय... आणि तिनंच खाली वाकून बघितलं. झोपेत कूस बदलताना नळीला पीळ पडला होता. सोडवला, आणि धार सुरू. आम्ही चौघं मध्यरात्री एका प्लास्टिकच्या नळीकडे डोळ्यांत पाणी आणून बघत होतो. डायरीत शेरा पडला : ‘02.50. लाइन फॉल्ट. दुरुस्त.’

दहाव्या दिवशी कॅथेटर निघाला. मी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. खरी गंमत तिथून पुढे आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नसेल.

नळ गळायला लागला. खुर्चीतून उठलं की, शिंकलं की, खोकलं की. दिवसभर बऱ्यापैकी जायचं, संध्याकाळी स्नायू थकले की जास्त. हसलं की तर हमखास. त्यामुळे आमच्या घरात विनोद बंद झाले. बाबांनी स्वतःच्या अकलेनं उपाय काढला, पाणीच कमी प्यायचं. तो साफ चुकीचा. लघवी घट्ट होते, आणखी जळजळते, आणखी लागते. कमी करायचा तो चहा. पण सातारच्या माणसाला चहा कमी कर म्हणणं म्हणजे...! असो.

मी मेडिकलमध्ये गेलो. ‘‘मोठ्यांचे डायपर’’ हे शब्द मी इतक्या हळू उच्चारले, की दुकानदारानं दोनदा विचारलं. त्यानं पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं. घरी ती पिशवी बघून बायको हसत सुटली. ‘‘ही काळी पिशवी मला तेरा वर्षांची असल्यापासून माहितीये. वेलकम!’’

मग तिनं जे केलं ते मला जमलं नसतं. आमची लेक झाल्यानंतर तिला फिजिओथेरपिस्टनं दिलेला व्यायामाचा कागद अजून फ्रिजवर होता. तो काढून तिनं सरळ बाबांच्या हातात दिला. ‘‘बाबा, तुमचे आणि माझे व्यायाम एकच आहेत.’’ बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. ती पेपरशीच बोलली. केगल म्हणतात याला. अरनॉल्ड केगल नावाच्या डॉक्टरनं 1948 साली बाळंतिणींसाठी लिहून ठेवलेले. वारा सरताना आवरतो ना, तेच स्नायू वर ओढायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. पोट, मांड्या ढिल्या. श्वास चालू. दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय डायपर कशाला, आतल्या चड्डीत बसणारे पुरुषांचे पॅड ऑनलाइन मिळतात, बाहेरून कळतही नाही. पेपरामागून आवाज आला, ‘‘मागव.’’

संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी बाबा खुर्चीत ताठ, डोळे टीव्हीवर. आई स्वयंपाकघरातून, ‘‘अहो, ओढायचं ते खाली. मिशी कशाला आवळताय?’’ बाबा हसले. पॅड बदलायला गेले. पण हसले!

एका विषयावर मात्र आमच्याकडे अजून शांतता आहे. ओपीडीत डॉक्टरांनी ‘‘संबंधांबद्दल...’’ असं सुरू केलं आणि बाबा मला म्हणाले, ‘‘तू जरा बिलाचं बघून ये.’’ बिल सकाळीच भरलं होतं. मी गेलो. आई आत बसून राहिली. नंतर मी एकट्यानं वाचून काढलं. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी बारीक नसा जातात, ताठरपणा त्यांच्यावर अवलंबून. पूर्वी त्या सर्रास जायच्या. 1982 साली पॅट्रिक वॉल्श या सर्जननं बाल्टिमोरमध्ये त्या वाचवून ऑपरेशन करून दाखवलं. बाबांची एक बाजू वाचवता आली. तरी सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, आणि पूर्ण सावरेलच असं नाही. चिठ्ठीवर एक गोळी होती. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. त्याला ती माझीच वाटली असणार. वाटू दे. घरी बाबांनी स्ट्रिप घेतली, ‘‘किती झाले?’’ एवढंच विचारलं. मी रक्कम सांगितली. विषय संपला. 67 वर्षांच्या माणसाला हे काय करायचंय, असं एका काकांनी मला फोनवर ऐकवलं होतं. मी फोन ठेवून दिला. माझ्या आई-बाबांना काय करायचंय ते त्यांचं ते बघतील.

पाचव्या आठवड्यात त्यांचे जुने साथीदार, त्याच सबस्टेशनातले लाइनमन, सातारहून भेटायला आले. एसटीनं, हातात कंदी पेढे. बाबा आतल्या खोलीत पडून राहिले. ‘‘झोपलेत म्हणून सांग.’’ मी सांगितलं. ते गृहस्थ अर्धा तास बसले, चहा प्यायले आणि परत गेले. मला फार राग आला. रात्री बाल्कनीत मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, ‘‘मला वास येतो का रे?’’

‘‘नाही बाबा.’’

‘‘खरं सांग.’’

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली, एकदम खेटून. बसून राहिलो. ‘‘साबणाचा येतो,’’ मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःहून चपला घातल्या. सोसायटीच्या बागेतल्या बाकावर वीस मिनिटं. डायरीत नोंद, ‘खाली. 20 मि. गळती नाही. उठताना थोडी.’

त्या ओपीडीत डॉक्टरांनी जाता जाता मलाही गाठलं होतं. वडिलांना असला की मुलाचा धोका साधारण दुप्पट. मी 37चा. चाळिशीत आलात की टेस्टबद्दल बोलायला या, म्हणाले. फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. मिशी काढलीये.

परवा ऑपरेशननंतरचा पहिला पीएसए. ग्रंथीच नाही म्हटल्यावर आकडाही राहायला नको. राहिला तर पेशी कुठेतरी उरल्यात. रक्त सकाळी दिलं. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी पुन्हा कॉलवरच होतो. या वेळी म्यूट करून, कॅमेरा बंद करून हॉलमध्ये गेलो.

‘‘रीडिंग किती?’’

‘‘पॉइंट झिरो वनपेक्षा कमी.’’

‘‘दाखव.’’ चष्मा लावून त्यांनी दशांश चिन्ह नीट बघितलं. नाव बघितलं, वय बघितलं. मग डायरी उघडून लिहिलं, ‘11.40. पीएसए < 0.01.’ खाली, ‘पुढची तपासणी 3 महिन्यांनी. कालचे पॅड 2.’ डायरी मिटली.

‘‘त्याला फोन लाव.’’

‘‘कुणाला?’’

‘‘पेढे घेऊन आला होता त्याला. म्हणावं, रविवारी ये. मी जागा आहे.’’