ढिगाच्या माथ्यावरची तारीख

व्हर्जिनियातील डलेस विमानतळालगतच्या हर्नडन गावी संगणकाच्या व्यवसायानिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांत महिन्याकाठी एक सरकारी तक्ता मोठ्या उत्कंठेने पाहिला जातो. ग्रीन कार्डाच्या अर्जाची ‘प्रायॉरिटी डेट’ पुढे सरकली की मागे हटली, हे त्यात कळते; आणि गंमत अशी, की तो पाहून सुस्कारा टाकणारा गृहस्थ दिवसभर कचेरीत अग्रक्रमाच्या रांगाच रचीत असतो.

त्या रांगांचे साधन म्हणजे ‘हीप’, अर्थात ढीग. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ साली मांडलेली ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. हजार अर्जांचे सारे दप्तर तारीखवार लावीत बसू नये. प्रत्येक अर्ज आपल्या खालच्या दोघांहून जुना असावा, एवढा एकच दंडक पाळला म्हणजे सर्वांत जुना अर्ज माथ्यावर येतो. तो निकालात निघाला, की तळाचा शेवटचा अर्ज माथ्यावर ठेवावयाचा आणि खालच्या दोघांतील अधिक जुन्याशी अदलाबदल करीत त्याला उतरू द्यावयाचे. हजारांच्या ढिगात ही उतरण फार तर नऊ पायऱ्यांची, दहा लाखांत एकोणीस. माथा असाच काढीत गेले, की अखेर दप्तरही क्रमाने लागते, हीच हीपसॉर्ट.

अमेरिकी सरकारने मात्र एका ढिगाचे अनेक ढीग केले आहेत. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावरील कार्डांची वार्षिक संख्या सुमारे १,४०,००० ठरली, आणि एका देशात जन्मलेल्यांस सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. त्यामुळे हिंदुस्थानच्या ढिगाच्या माथ्यावर दहा वर्षांहून जुना अर्ज खोळंबलेला असता शेजारच्या ढिगातला कालपरवाचा अर्ज मंजूर होतो. सारे ढीग एकदम मिसळल्यास काही वर्षे इतर देशीयांनाच तिष्ठावे लागेल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही; म्हणून मर्यादा टप्प्याटप्प्याने शिथिल व्हावी, पण अखेर जन्मस्थळ न पाहता तारीखच पाहिली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ढीग एकत्र करणे आमच्या शास्त्रात अवघड नाही; तळाकडून वर रचीत आल्यास श्रम अर्जांच्या संख्येच्या प्रमाणातच पडतात, हे रॉबर्ट फ्लॉइड यांनी त्याच १९६४ साली दाखविले. वॉशिंग्टनात मात्र या आशयाचे विधेयक २०१९ साली प्रतिनिधिगृहाने आणि २०२० च्या डिसेंबरात निराळ्या स्वरूपात सिनेटने मंजूर केले, आणि दोहोंचा मेळ बसण्यापूर्वीच काँग्रेसची मुदत संपली.