ऐकणाऱ्याला कुठं मानधन असतं का?

मार्च लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कार्यशाळा, परिसंवाद आणि जनजागृती मेळाव्यांची घाई उडते. 31 मार्चच्या आत अनुदान खर्ची पडलं पाहिजे. नेमका याच दिवसांत जंगलात मोह पडायला लागतो. अंधारात टोपली घेऊन निघालेली बाई दुपारी फुलं वाळत घालत असते. तिला आपण त्याच दिवशी 'मानव आणि वन्यजीव' या विषयावर तालुक्याच्या सभागृहात बोलावतो. ती आली नाही की म्हणतो, या लोकांना जाणीवच नाही.

वरोऱ्यात आम्ही सहाजण आहोत. संस्था नाही, लेटरहेड नाही. 2024 च्या डिसेंबरात आम्ही एका कार्यालयाकडे एका दिवसाच्या बैठकीसाठी अर्ज केला. विषय साधा होता : मोह-तेंदूच्या हंगामात वाघापासून जीव कसा सांभाळायचा आणि वनखात्याकडे नेमकं काय मागायचं. अर्जात खर्चाचे सात छापील रकाने होते. सभागृह भाडे, फलक, पाहुण्यांचा प्रवास, मानधन, स्मृतिचिन्ह, चहा-नाश्ता, छायाचित्रण. आम्हाला जंगलालगतच्या पाच गावांतून माणसं आणायची होती आणि त्यांची त्या दिवसाची रोजी द्यायची होती. तसा रकाना नव्हता. बाबू भला माणूस होता. म्हणाला, "मानधनात टाका. पण ते वक्त्याला असतं. ऐकणाऱ्याला कुठं मानधन असतं का?"

त्याला सांगितलं, ही माणसंच बोलणार आहेत, ऐकायचं आपण. तो हसला. फेब्रुवारीत अर्ज परत आला. संस्थेची नोंदणी हवी, तीन वर्षांचे हिशेब हवेत, दर्पण पोर्टलचा क्रमांक हवा. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला जातो याबद्दल माझी तक्रार नाही, मागायलाच हवा. पण स्मृतिचिन्हाच्या पावतीला जी किंमत आहे ती मजूर बाईच्या अंगठ्याला नाही, हे मला पटत नाही.

मग मित्र म्हणाले, कंपन्यांकडे जा. वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रं काय कमी आहेत? 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. पण 2014 मध्ये केंद्राने परिपत्रक काढून सांगितलं की मॅरेथॉन, पुरस्कार असले एकदाच होणारे कार्यक्रम त्यात धरायचे नाहीत. पाच गावांची एका दिवसाची बैठक याच खात्यात जाते. शिवाय 1 एप्रिल 2021 पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला आधी सरकारदरबारी वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणून रोपं लागतात, शेजारी कंपनीचा फलक लागतो. त्या रोपांना पाणी कोण घालणार यावर चार माणसं बसवायची तर पैसा नाही.

खरं सांगायचं तर दिला असता तरी मी घेऊ नका म्हटलं असतं. ज्याच्या खाणीची धूळ बैठकीत निघणार, त्याच्याच पैशाचा चहा पिऊन ती कशी काढायची? एका मित्राचं म्हणणं उलट. धूळ आपण खाल्ली, पैसा आपलाच. त्याचं निम्मं खरं आहे, पण त्यासाठी दुसरा दरवाजा आहे. खाणकायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्याने रॉयल्टीच्या 10 किंवा 30 टक्के इतकी रक्कम त्यात भरायची, खाणीने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी. त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत पर्यावरणरक्षण आहे. हे कुणाचं दान नाही, देणं आहे. त्यातून बैठकीला पैसा मागायला लाज वाटायचं कारण नाही. अडचण एवढीच की इमारतीचं उद्घाटन करता येतं, बैठकीचं काय करणार?

इथे कुणीतरी हटकून गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं नाव काढतो. तिथल्या अभ्यासगटाला कुठलं अनुदान होतं? बसून बोलत राहिले, एकमताने ठरवत राहिले. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मलाही त्या गावाबद्दल फार आदर आहे. पण ते आपल्या गावात बसत होते. मजुरी बुडवायची की नाही हे त्यांचं ते ठरवत होते. तालुक्याला या असं सांगणारे आपण असलो की हिशेब बदलतो. अनुदानाशिवाय बैठक फुकटात होते असं आपल्याला वाटतं. ती फुकटात होत नाही. जिची रोजी बुडते ती तिचा खर्च करते.

मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या एकाच हल्ल्यात गेल्या. त्यानंतर अर्जाची वाट बघणं नको वाटू लागलं. आमच्या मोहल्ल्यात उरुसासाठी पावतीपुस्तक फिरतं, तसलंच एक छापून घेतलं. किराणावाले, सायकलवाला, दोन शिक्षक. 11,400 रुपये जमले. जुम्म्याचा चंदा सगळ्यांसमोर मोजतात, तसेच हेही मोजले.

बकरीद आटोपल्यावर, पेरणीच्या आधीच्या एका रविवारी 26 जण आले, त्यात 19 बायका. प्रत्येकी 300 रुपये रोजी दिली, 7,800 झाले. एसटीचं भाडं आणि वरण-भात धरून 200 रुपये उरले. बायकांच्या अर्ध्या तिकिटाचा मोठाच आधार झाला.

सभागृहात मी कधी ऐकलं नव्हतं ते त्या दिवशी ऐकलं. मोहाखाली पाचोळा असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक तो पेटवतात आणि वणवा जातो. हे आम्हाला ठाऊक होतं, त्यावर आम्ही पत्रकंही वाटली होती. एक म्हातारी म्हणाली, "झाडून काढला तर वाकून दोन तास जातात, बाबू. वाकलेल्या माणसाला वाघ माणूस समजत नाही. जाळतो ते भ्यानं." आमच्या पत्रकात भीती हा शब्दच नव्हता. मग बायकांनीच ठरवलं : दोन घरांनी मिळून वेचायचं, एकीने उभं राहायचं. उभी राहणारीलाही फुलांचा वाटा. झाडाखाली जाळ्या टाकायला मिळाव्यात, ही मागणी वनखात्याकडे लिहून दिली.

यंदा पुन्हा त्याच कार्यालयात अर्ज केला आहे, या वेळी एका नोंदणीकृत संस्थेच्या नावाने. सात छापील रकान्यांखाली पेनाने आठवा आखला : उपस्थितांची रोजी. तारीख जूनची टाकली आहे. सोबत त्या 26 जणांच्या सह्या आणि अंगठे जोडलेत. अजून उत्तर नाही.