डीजे आपला, पण रेकॉर्डिंग कोणाचे?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या भूमीवर आज भीमगीते डीजेच्या ठेक्यावर घुमतात. काही जण नाक मुरडतात, यंत्राचा गोंगाट म्हणजे चळवळ नव्हे म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे.

अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी हे ओळखले होते. मोटार कारखान्यांच्या डेट्रॉइटजवळ, बेलव्हिलमध्ये वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे शाळासोबती. ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर त्यांनी 'टेक्नो' घडवले. मोठ्या कंपनीच्या दारात न थांबता तिघांनी आपापली लेबले काढली. ॲटकिन्सचे 'मेट्रोप्लेक्स' १९८५चे.

देहूरोडही लष्करी डेपोभोवती वाढलेली कामगारवस्ती. इथल्या बालमित्रांनाही एक लॅपटॉप, एक माइक आणि हलगी पुरेशी आहे. पण गाणे अपलोड करण्याआधी कागदावर लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, बीट कोणाचा, हलगी कोणी वाजवली, वाटा किती. कायद्याने रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याकडे जातो. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा २०१२च्या दुरुस्तीने राखला आहे. तो सोडून देता येत नाही. हे माहीत नसले की दोस्तीत सही होते आणि गाणे परक्याचे होते.

वामनदादा कर्डकांचे शब्द वाजवणाऱ्या किती रीमिक्सवर त्यांचे नाव असते, तपासून पाहा.

मित्रांनो, येत्या जयंतीला स्वतःचे एक गाणे रेकॉर्ड करा. त्यावर सगळ्यांची नावे लिहा.

जय भीम!