मोटार फिरते, म्हणजे वायर बरोबर असे नाही

ईद जवळ आली की घरोघरी साफसफाई सुरू होते. गालिचे, सतरंज्या, सोफे, पंखे, सगळ्यांची पाळी येते. आता या कामाला व्हॅक्युम क्लीनर आणि पाण्याचा फवारा मारणारे प्रेशर वॉशर बऱ्याच घरांत आले आहेत. यंत्र घेताना आपण किंमत पाहतो, वॉट पाहतो. त्याच्या वायरकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

आमच्याकडे स्टीलच्या टाकीचा व्हॅक्युम क्लीनर आहे. त्याचा प्लग जळाला, तेव्हा ओळखीतल्या एका मुलाने नवा बसवून दिला. बटण दाबताच मोटार घुमू लागली. काम झाले, असे आम्ही समजलो. दोन दिवसांनी अम्मी ओल्या हाताने यंत्र बाजूला सारायला गेल्या. यंत्राचे बटण बंद होते, भिंतीवरचे मात्र चालू राहिले होते. अम्मींना जोराचा झटका बसला. हात लगेच सुटला, हे अल्लाहचे उपकार.

वायरमनने प्लग उघडला, तेव्हा दोन चुका निघाल्या. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली होती, आणि हिरवी वायर तर कापूनच टाकली होती. आम्ही विचारले, "मग मोटार चालत कशी होती?"

याचे उत्तर प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, एसी असते. तिची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. व्हॅक्युम क्लीनरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटारीला फेज कोणत्या टोकाने आला याने काही फरक पडत नाही. ती त्याच दिशेने, त्याच जोराने फिरते. म्हणजे चूक मोटारीला कळत नाही, ती कळते हात लावणाऱ्याला.

यंत्राचे बटण बहुधा एकच वायर तोडते. ती फेजची असली, तर बटण बंद होताच मोटारीतली वीज जाते. अदलाबदल झाली असेल, तर बटण न्यूट्रल तोडते. मोटार थांबते, पण तिच्या गुंडाळीत फेज तसाच उभा असतो. आत ओल गेली की तो धातूच्या अंगावर उतरतो. अशा वेळी हिरवी वायर तो जमिनीकडे नेते. आमच्या यंत्रात तीच नव्हती.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वायरच्या जुन्या रंगांत लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. यंत्राच्या नव्या वायरमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. प्लगच्या आत एल, एन आणि ई ही अक्षरे असतात. फेज एलला, न्यूट्रल एनला, अर्थिंग ईला. भिंतीवरच्या सॉकेटला वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, समोरून पाहताना उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. हात कोरडे आणि पायात चप्पल असताना टेस्टर लावून पाहावा. तो उजवीकडेच पेटला पाहिजे आणि भिंतीवरचे बटण बंद करताच विझला पाहिजे. तसे झाले नाही, तर वायरमनला बोलवावे. एक्स्टेन्शन बोर्डही असाच तपासावा. अर्थिंग ठीक आहे की नाही, हे मात्र टेस्टर सांगत नाही. ते वायरमनकडूनच तपासून घ्यावे.

काही यंत्रांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्यांना अर्थिंग लागत नाही. पण तीन पिनांच्या यंत्राची एक पिन काढून दोनवर चालवू नये.

दीड हजार वॉटचे प्रेशर वॉशर साडेसहा अँपिअर वीज ओढते. ते सहा अँपिअरच्या लहान सॉकेटला लावू नये, सोळाच्या सॉकेटला लावावे. पाण्याशी संबंध असल्यामुळे घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी.

ज्यांचा साफसफाईचा व्यवसाय आहे, त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बॅटरीवर चालणारी फरशी धुण्याची यंत्रे डीसीवर चालतात. तेथे अधिक आणि उणे यांची अदलाबदल झाली, तर मोटार उलटी फिरू शकते किंवा आतले सर्किट जळते. तीन फेजच्या मोठ्या मोटारीत कोणत्याही दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते. पंपावर बाणाची खूण असेल, तर वायर जोडल्यावर तिच्याशी दिशा ताडून पाहावी.

आमच्या घरी आता एक शिस्त आहे. काम संपले की आधी भिंतीवरचे बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि त्यानंतरच यंत्राला ओला हात. हे करायला दोन क्षण लागतात. आपणही ईदच्या साफसफाईला लागण्यापूर्वी एकदा प्लग उघडून घ्या. अर्थात, सॉकेटमधून काढल्यावरच.